डार्क रोमान्स: रील बघून पुस्तक उचलण्याआधी

करवीरवाचक

कोल्हापुरातल्या इंग्रजी वाचणाऱ्या गटांमध्ये सध्या डार्क रोमान्सची, म्हणजे पाठलाग, जबरदस्ती, हिंसा असलेल्या प्रेमकादंबऱ्यांची, विचारणा फार वाढली आहे. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, त्यामुळे तिथे गाजलेलं पुस्तक आपल्याला इन्स्टाग्रामच्या रीलमधून कळतं. रील अर्ध्या मिनिटाची. तीत नायकाचं एखादं वाक्य, पावसाळी खिडकी, मेणबत्ती आणि खाली पाच मिरच्या. एवढ्यावर पुस्तक मागवलं जातं आणि दीडशेव्या पानाला वाचणारा अडकतो, कारण पुढे काय येणार याची कल्पनाच कुणी दिलेली नसते. ज्यांना हा प्रकार वाचायचा आहे त्यांनी नीट निवडून वाचावा म्हणून हा धागा काढतोय. वाचावा की वाचू नये, हा वाद इथे नको.

आधी मिरच्यांचं बघू. मिरच्या मोजतात फक्त शरीरसंबंधाची वर्णनं किती आणि किती उघड आहेत. संमती आहे की नाही, मारहाण आहे का, कोंडून ठेवणं आहे का, याचा मिरच्यांशी काही संबंध नाही. पाच मिरच्यांचं पुस्तक एखाद्या सुखी नवरा-बायकोचं असू शकतं. दोन मिरच्यांच्या पुस्तकात नायिकेच्या लहानपणचा अत्याचार दहा पानं भरून असू शकतो. रीलवाले पहिलं माप सांगतात. आपल्याला दुसरं हवं असतं.

ते दुसरं माप मिळतं इशाऱ्यांच्या पानावर. या प्रकारात बहुतेक लेखिका पुस्तकाच्या सुरुवातीला, अर्पणपत्रिकेच्या आसपास, आत काय काय आहे ते लिहितात. काही जणी तिथे फक्त 'पूर्ण यादी माझ्या संकेतस्थळावर' एवढंच लिहितात, कारण यादीतून कथानक फुटतं. तसं असेल तर यादी उघडायचा कंटाळा करू नका. रहस्य थोडं फुटलं तरी या पुस्तकांचं फारसं बिघडत नाही. शेवटी दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानापासून ठरलेलंच असतं.

यादी वाचायची कशी, हे महत्त्वाचं. प्रत्येक शब्दापुढे स्वतःला तीन गोष्टी विचारा.

एक, हे कोण कुणावर करतं? 'संमतीशिवाय संबंध' असं लिहिलंय, पण करणारा खलनायक आहे की खुद्द नायक? दोन्ही पुस्तकं पूर्णपणे वेगळी असतात. पहिल्यात नायक सूड घेतो, दुसऱ्यात त्याच माणसावर नायिकेनं प्रेम करायचं असतं. यादीत हे स्पष्ट नसेल तर वाचकांच्या परीक्षणांत शोधा. 'नायक-नायिकेमध्ये' अशा अर्थाचे शब्द तिथे मिळतात.

दोन, ते पानावर घडतं की पानाबाहेर? 'ऑन पेज' म्हणजे प्रसंग डोळ्यांसमोर. 'ऑफ पेज' म्हणजे नंतर उल्लेख.

तीन, आत्ता की भूतकाळात? नायिकेच्या आठवणीतली चार वाक्यं आणि कथेच्या मध्यावरचं एक अख्खं प्रकरण यांना यादीत एकच शब्द असतो.

याशिवाय दोन संज्ञा वारंवार येतात. 'नॉन-कॉन' म्हणजे संमती नाहीच. 'डब-कॉन' म्हणजे संमती संशयास्पद, उदाहरणार्थ नायिका भीतीपोटी हो म्हणते, नशेत असते किंवा सौद्यात अडकलेली असते. 'सीएनसी' तिसरंच आहे. त्यात दोघांनी आधी ठरवून केलेलं नाटक असतं आणि थांबवायचा शब्दही ठरलेला असतो. रीलमध्ये या तिन्ही गोष्टी सर्रास एकाच टॅगखाली टाकलेल्या दिसतात.

शाहूपुरीकर

उत्तम धागा. एक अडचण बऱ्याच जणांना येते म्हणून लिहितो. किंडलवर पुस्तक उघडलं की ते थेट पहिल्या प्रकरणावर उघडतं, इशाऱ्याचं पान दिसतच नाही. पुस्तकात ते नसतं असं नाही. सुरुवात कुठून दाखवायची हे पुस्तक तयार करतानाच ठरवलेलं असतं आणि ती खूण बहुतेक वेळा पहिल्या प्रकरणावर असते. वरच्या मेन्यूतून अनुक्रमणिका उघडून मुखपृष्ठावर जा आणि तिथून एकेक पान पुढे या. मोफत नमुन्यातही सुरुवातीची पानं असतात. पुस्तकाचा साधारण पहिला दहावा भाग नमुन्यात मिळतो. म्हणजे पैसे देण्याआधीच इशारे वाचून होतात.

दुसरं, स्टोरीग्राफ हे संकेतस्थळ वापरा. तिथे वाचकांनीच प्रत्येक पुस्तकाचे इशारे तीन पातळ्यांत भरलेले असतात: उघड, मध्यम, किरकोळ. किती जणांनी कोणती पातळी निवडली तेही दिसतं. एकानंच 'किरकोळ' म्हटलं असेल आणि बाकी सगळ्यांनी 'उघड', तर बाकीच्यांचं ऐका. लेखिकेनं स्वतः दिलेले इशारे असतील तर ते तिथे वेगळे दाखवलेले असतात. गुडरीड्स या वाचक-परीक्षणांच्या संकेतस्थळावर अशी रचना नाही. तिथे एक आणि दोन ताऱ्यांची लांब परीक्षणं वाचायची. रागावलेला वाचक प्रकरणाच्या क्रमांकासकट सगळं सांगतो.

मंगळवारपेठ

मुखपृष्ठावरून काही कळतं का? दुकानात उभं राहून बघायचं तर मोबाईल काढून यादी शोधणं जमतंच असं नाही.

करवीरवाचक

@मंगळवारपेठ, मुखपृष्ठाचा उपयोग जवळजवळ नाही. या पुस्तकांच्या बऱ्याचदा दोन आवृत्त्या असतात. एकीवर उघड्या अंगाचा पुरुष, दुसरीवर नुसती फुलं, कवटी, किल्ली किंवा साप. दुसरी घरात आणि बसमध्ये वाचता यावी म्हणून काढलेली असते. आतला मजकूर तोच. चित्रांची, गोड रंगांची मुखपृष्ठं तर आणखी फसवी. ती बघून पुस्तक किशोरांसाठी आहे असं वाटतं.

दुकानात करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. मागचा मजकूर सोडा, पहिली आठ-दहा पानं उलटा. इशारे तिथेच मिळतात. मग प्रकरणांची शीर्षकं बघा. आलटून-पालटून तिचं नाव आणि त्याचं नाव असेल तर कथा दोघांच्या तोंडून आहे. शेवटच्या पानावर 'पुढे चालू' अशा अर्थाचं काही असेल तर हा जोडकादंबरीचा पहिला भाग. त्याला 'ड्युएट' म्हणतात. एकाच जोडप्याची गोष्ट दोन पुस्तकांत तोडलेली असते आणि पहिलं पुस्तक नेमकं वाईट जागी संपतं. 'इंटरकनेक्टेड स्टँडअलोन' म्हणजे जग एकच, पण दर पुस्तकात जोडपं वेगळं आणि गोष्ट पूर्ण.

हा फरक किती महाग पडतो त्याचं उदाहरण म्हणजे एच. डी. कार्लटनची 'हॉन्टिंग अ‍ॅडलाइन', २०२१ सालची. समाजमाध्यमांवर या प्रकारातलं हे बहुधा सगळ्यांत परिचित नाव. आजीकडून मिळालेलं जुनं घर, पणजीच्या डायऱ्या, बाहेर उभा राहणारा अनोळखी माणूस अशी पहिल्या भागाची मांडणी आहे. जुन्या वाड्यांच्या भयकथा आवडणाऱ्याला ती ओढून नेते. पाठलाग करणारा तोच नायक आहे आणि तो मानवी तस्करी करणाऱ्यांच्या मागावर आहे. पहिला भाग मध्येच तुटतो. दुसरा, 'हंटिंग अ‍ॅडलाइन', २०२२ चा, नायिकेला त्या तस्करांच्या हाती देतो, आणि त्याचा सूर पहिल्यापेक्षा कितीतरी जड आहे. पहिल्याचे इशारे वाचून दुसरा उघडणं हीच इथली नेहमीची चूक. दोन्ही भागांच्या याद्या वेगवेगळ्या वाचा, आणि दुसरा झेपणार नसेल तर पहिलाही सुरू करू नका. अर्धवट गोष्ट डोक्यात राहते आणि मग माणूस नको असताना पुढचा भाग उघडतो.

पुठ्ठा_बांधणी

छापील प्रत घेणाऱ्यांसाठी. या पुस्तकांच्या चोरट्या प्रती पदपथावर आणि ऑनलाइन दोन्हीकडे भरपूर मिळतात. स्वस्त म्हणजे चोरटी असं मात्र समजू नका. भारतीय उपखंडापुरत्या काढलेल्या अधिकृत आवृत्त्या मुळातच कमी किमतीच्या असतात, त्यावर तसं छापलेलंही असतं. ओळखायचं ते छपाईवरून.

अक्षरांच्या पोटात बघा. इंग्रजी 'ई' आणि 'ए' यांची पोकळी शाईनं भरलेली दिसली तर पान स्कॅन करून छापलंय. ओळी पानाच्या कडेला समांतर नसतात, किंचित तिरक्या जातात. आतला समास इतका अरुंद असतो की शिवणीजवळचे शब्द गिळले जातात. अधिकृत प्रतीत मुखपृष्ठावरची अक्षरं उठावदार किंवा चकचकीत थराची असतील तर चोरट्या प्रतीत ती सपाट येतात. पाठीवरचं नाव मध्यावर बसत नाही. बारकोडचा भरवसा धरू नका, तो मूळ प्रतीवरून जसाच्या तसा उचललेला असतो. आयएसबीएन शोधून त्या क्रमांकाचा प्रकाशक, बांधणीचा प्रकार आणि पानांची संख्या हातातल्या प्रतीशी ताडून बघा.

आणखी एक. पुस्तक फर्म्यांत छापतात, साधारण सोळा पानांचा एक फर्मा. चोरट्या प्रतीत एखादा फर्मा दोनदा लागतो किंवा गळतो. २२४ नंतर थेट २४१ आलं तर समजायचं. दुकानातच पानांचे क्रमांक झरझर बघून घ्या.

या धाग्यापुरतं महत्त्वाचं म्हणजे, पानं वाचवायची तर सुरुवातीचीच आधी गाळली जातात. इशाऱ्याचं पान त्यातच जातं. चोरट्या प्रतीत इशारा दिसला नाही म्हणून पुस्तक सौम्य आहे असं धरणं धोक्याचं आहे.

चारशे-सहाशे पानांची ही पुस्तकं डिंकाच्या बांधणीची, म्हणजे न शिवलेली. नवी प्रत मधोमध उघडून दाबली की डिंक तडकतो आणि पानांचा गठ्ठा सुटतो. पुस्तक पाठीवर उभं धरा, आधी दोन्ही पुठ्ठे खाली करा. मग पुढून दहा-पंधरा पानं आणि मागून तेवढीच, असं आलटून-पालटून मध्यापर्यंत या, प्रत्येक वेळी बांधणीपाशी बोट हलकं फिरवत. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत रंगवलेल्या कडांची पुस्तकं चिकटतात. ती घट्ट कोंबून ठेवू नका. कडा चिकटल्याच तर पानं ओढायची नाहीत, गठ्ठा हलका वाकवून सोडायचा.

निशिगंध_वाचते

+१, फर्म्याचं हे माहीत नव्हतं.

किंडल अनलिमिटेड या अ‍ॅमेझॉनच्या वर्गणीवर ई-पुस्तकं वाचायच्या सेवेबद्दल थोडं. या प्रकारातल्या स्वतः प्रकाशित केलेल्या बऱ्याच कादंबऱ्या तिथे असतात. त्यात नोंदलेलं ई-पुस्तक एका वेळी नव्वद दिवस फक्त अ‍ॅमेझॉनवरच ठेवायचं बंधन लेखिकेवर असतं. त्यामुळे ते दुसऱ्या ई-दुकानात शोधून मिळत नाही. लेखिकेला पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात. म्हणजे आवडलं नाही म्हणून विसाव्या पानाला परत केलंत तर तुमचं नुकसान शून्य आणि तिला वीस पानांचे मिळाले. अनोळखी लेखिका चाचपून बघायला हाच सगळ्यात स्वच्छ रस्ता आहे. छापील प्रत नंतर, आवडलं तर.

एक छोटं काम आधी करा. किंडलच्या सेटिंगमध्ये 'पॉप्युलर हायलाइट्स' बंद करा. नाहीतर नेमक्या धक्क्याच्या वाक्याखाली इतक्या लोकांनी रेघ मारलेली असते की चार ओळी आधीच कळतं.

जुनी_पानं

निवडीचं तंत्र तुम्ही सांगितलंत. रचनेबद्दल थोडं बोलू या, कारण चांगलं आणि वाईट डार्क रोमान्स तिथे वेगळं होतं.

या कादंबऱ्या बहुधा प्रथमपुरुषी असतात, आणि आळीपाळीनं दोघांच्या तोंडून. हे नुसतं फॅशन म्हणून नसतं. नायिकेला माहीत नसतं की हा माणूस आपल्याला मारणार की नाही. वाचणाऱ्याला माहीत असतं, कारण मागच्याच प्रकरणात आपण त्याच्या डोक्यात बसून आलो. नायिकेची भीती खरी, आपली भीती राखलेली. या फटीवरच सगळा डोलारा उभा आहे. ज्या पुस्तकात नायकाची बाजू पहिली शंभर-दीडशे पानं येतच नाही तिथे ही राखण नसते आणि वाचन भयकथेकडे झुकतं. नवख्यानं पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच त्याची बाजू येणारं पुस्तक घ्यावं.

दुसरी राखण शेवटाची. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्या दोनच अटी घालते: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम, आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी. डार्क रोमान्स या व्याख्येच्या आतलाच प्रकार आहे. शेवट तसा नसेल तर ते दुसरं काहीतरी, चांगलंही असेल, पण रोमान्सच्या फळीवर विकू नये.

कच्चं पुस्तक ओळखायची माझी कसोटी अशी. नायक चांगला वाटावा म्हणून लेखिकेनं काय केलंय? त्याच्यापेक्षा शंभरपट नीच खलनायक उभा केलाय एवढंच, की खुद्द त्याच्याकडून काही भरून घेतलंय? पहिला मार्ग सोपा आहे. तस्कर, खुनी, बाप कुणीतरी आणायचा आणि त्याच्याशेजारी नायक उजळ दिसतो. दुसऱ्यात त्याला सत्ता सोडावी लागते. नायिकेकडे निघून जायचा खरा पर्याय येतो, दार उघडं असतं, पैसे असतात, आणि मग ती ठरवते. हा क्षण साधारण तीन-चतुर्थांशाच्या आसपास शोधा. तो नसेल तर शेवटचं लग्न म्हणजे कैदेचीच पुढची पायरी.

अवांतर: कला कलेसाठी की जीवनासाठी, हा मराठीतला वाद ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते फडके आणि खांडेकर, दोघांचंही कोल्हापूरशी नातं. फडके राजाराम कॉलेजात शिकवत, खांडेकर इथेच राहिले. प्रेमकथेनं वाचकाला नुसतं रंगवावं की तिच्यावर काही जबाबदारी आहे, हा आजच्या डार्क रोमान्सच्या भांडणातला प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, तिथे दोघांचीही पुस्तकं मिळतील. फडक्यांची एक प्रेमकथा आणि आजची एक अशी शेजारी ठेवून वाचा. नायिकेला 'नाही' म्हणायची जागा कुठे किती आहे, ते मोजण्यासारखं आहे.

काळा_डगला

@जुनी_पानं, दाराची कसोटी पटली. पण एक आक्षेप नोंदवतो. पर्याय दिला म्हणून आधीचं पुसलं जात नाही, आणि या पुस्तकांची मांडणी ते पुसलं गेल्यासारखी असते. वाचक प्रौढ असेल तर तो दोन्ही एका वेळी धरू शकतो, हे मान्य. पण कायद्यात ते कुठे बसतं हे प्रत्येकाला माहीत असायला हवं, म्हणून लिहितो.

भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाचं आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. आधी ते दंडसंहितेत ३५४ ड होतं. स्त्रीनं स्पष्टपणे नको असल्याचं दाखवूनही पुन्हा पुन्हा मागे जाऊन संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं, तसंच तिचा इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवाद टेहळणं, दोन्ही त्यात येतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दुसऱ्या वेळी पाच वर्षांपर्यंत आणि तो गुन्हा अजामीनपात्र. खासगी क्षणी चोरून बघणं किंवा चित्रण करणं कलम ७७ मध्ये. म्हणजे पाठलाग करणाऱ्या नायकाची पहिल्या शंभर पानांतली करणी, उदाहरणार्थ तिच्या फोनमध्ये घुसून संवाद टेहळणं, आपल्याकडे थेट गुन्हा आहे. कुणाच्या बाबतीत प्रत्यक्षात असं चालू असेल तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१. संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट तारीख आणि वेळ दिसेल असे घ्या, आणि एकदा स्पष्ट शब्दांत लेखी 'संपर्क करू नका' असं कळवून ठेवा. कलमातला 'स्पष्टपणे नको' हा भाग सिद्ध करायला त्याचा उपयोग होतो.

मनोमन

काळा_डगला यांनी सांगितलेलं आवश्यकच आहे. पण पुस्तक आवडणाऱ्या मुलींना 'तुला असलं खरंच हवंय का' असं विचारू नका. कल्पनेतली भीती आणि इच्छा वाचणाऱ्याच्या ताब्यात असते. पान मिटलं की ती थांबते. प्रत्यक्षातल्या भीतीत नेमकं हेच नसतं. वाचताना शरीरानं दिलेला प्रतिसाद हा होकारही नाही आणि स्वभावाचा पुरावाही नाही.

वाचण्याची पद्धत मात्र असावी. सुरू करण्याआधी दोन-तीन गोष्टी कागदावर लिहा, ज्या आल्या की आपण थांबणार. वाचायला बसल्यावर ठरवलं तर ओढ जिंकते, म्हणून आधी. झोपण्यापूर्वीचा शेवटचा तास या पुस्तकांना देऊ नका, शरीर ताठलेलं असताना झोप तुटक लागते. श्वास वर-वर होणं, जबडा आवळणं, एकच ओळ तीनदा वाचूनही अर्थ न लागणं, ही थांबायची लक्षणं आहेत. तेव्हा प्रकरण संपवायचा हट्ट नको. पुस्तक मिटा, उठा, जागा बदला. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाच्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव, असं मोजत या. त्याच दिवशी त्या पानावर परत जाऊ नका.

प्रसंग गाळून पुढे जायचं असेल तर पानं चाळत जाऊ नका. चाळताना डोळा नेमके तेच शब्द पकडतो. अनुक्रमणिकेतून थेट पुढच्या प्रकरणावर जा. काय घडलं हे आधी वाचलेल्या कुणाला तरी दोन वाक्यांत विचारा. गाळणं म्हणजे कमी वाचणं नव्हे.

ज्यांनी स्वतः हिंसा सोसली आहे त्यांच्यासाठी इशाऱ्यांची यादी पुरेशी नसते. एखादा वास, गाडीचा आवाज, बोलण्याची ढब यानंही त्रास होतो, आणि ते कुठल्याच यादीत येत नाही. अशांनी या प्रकारातलं पहिलं पुस्तक एकट्यानं वाचू नये. त्रास दिवसेंदिवस टिकला तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पाचगाव_रोड

अकरावी-बारावीच्या पोरांच्या हातात ही पुस्तकं येताहेत, त्याचं काय करायचं ते कुणी सांगा की. हिसकावून घेतलं तर फोनवर वाचतात.

शाहूपुरीकर

@पाचगाव_रोड, ही पुस्तकं अठरा वर्षांवरच्यांसाठी आहेत असं बहुतेक लेखिका स्वतःच पहिल्या पानावर लिहितात. ते पान त्यांच्याबरोबर बसून वाचा, एवढ्यानं संवाद सुरू होतो. घरात एकच किंडल खातं असेल तर मोठ्यांनी घेतलेली पुस्तकं त्याच ग्रंथालयात सगळ्यांना दिसतात. मुलांसाठी वेगळं प्रोफाइल काढायची सोय तुमच्या खात्यात असेल तर ते काढा आणि त्यात निवडक पुस्तकंच टाका.

जास्त लक्ष द्यायला हवं ते प्रकरणागणिक नाणी घेणाऱ्या मालिका-अ‍ॅपकडे. पहिली काही प्रकरणं फुकट, मग प्रत्येकाला पाच-दहा नाणी, आणि प्रकरण बरोबर अर्ध्यात तोडलेलं. प्रकरणं दोनशे-तीनशे असतात, त्यामुळे बेरीज छापील पुस्तकाच्या कितीतरी वर जाते. तिथे इशारे तर सहसा नसतातच. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी मराठीतही जबरदस्तीच्या लग्नाच्या, गुंड नायकाच्या मालिका आहेत. मराठी आहे म्हणून सौम्य असेल असं धरू नका.

किशोरांना हाच ताण हवा असेल तर रहस्यकथा किंवा किशोरांसाठी लिहिलेली अद्भुतकथा द्या. फक्त तिथेही 'रोमँटसी', म्हणजे अद्भुतकथेत गुंफलेली प्रेमकथा, हा टॅग बघून घ्या. त्यातली बरीच प्रौढांसाठी असतात.

निशिगंध_वाचते

गटानं वाचायचं ठरलं तर पानांवरून वाटे करू नका. छापील, किंडल आणि फोन यांची पानं जुळत नाहीत. टक्क्यांवर करा: २५, ५०, ७५, १००. वेळेचा अंदाज असा. सव्वा लाख शब्दांची कादंबरी मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगानं साडेदहा तासांत होते. इंग्रजीची सवय कमी असेल तर पंधरा तास धरा. म्हणजे रोज एक तास दिला तर दोन आठवडे, आणि दर टप्प्याला तीन-चार दिवस. याहून लांबवलं की पुढे गेलेले लोक फोडतात. टेलिग्रामवर मजकूर झाकून ठेवायची सोय आहे, ती वापरा, आणि संदेशाची सुरुवात टक्क्यानं करा. गटातल्या प्रत्येकाच्या थांबायच्या रेषा सुरुवातीलाच लिहून घ्या. सगळ्यांत कडक रेषा असलेल्या माणसाला नजरेसमोर ठेवून पुस्तक निवडा.

भेटायचं असेल तर रंकाळ्याच्या कट्ट्यावर कथानकावर खुशाल बोला, उतारे मोठ्यानं वाचणं घरी ठेवा. आजूबाजूच्या लोकांनी ते ऐकायला होकार दिलेला नसतो.

ऐकणारी

ऑडिओ घेणाऱ्यांनी 'ड्युअल' आणि 'ड्युएट' यांत गल्लत करू नये. हे वाचनाचे प्रकार आहेत, वर आलेली दोन भागांची ड्युएट वेगळी. ड्युअलमध्ये तिची प्रकरणं स्त्री वाचते आणि त्याची पुरुष. तिच्या प्रकरणात त्याचे संवादही तिच्याच आवाजात येतात. ड्युएटमध्ये त्याचं प्रत्येक वाक्य पुरुषाच्याच आवाजात. धमकीचे संवाद ड्युएटमध्ये कानात फार जवळून येतात, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं ड्युअल घ्यावं. डोळ्यांनी जसं पटकन सुटता येतं तसं कानानं येत नाही. अ‍ॅपमधलं 'तीस सेकंद पुढे' हे बटण कुठे आहे ते सुरू करण्याआधीच बघून ठेवा. एसटीत किंवा केएमटीत ऐकायचं तर ब्लूटूथ खरंच जोडलं गेलंय का, हे एखादं गाणं लावून तपासा आणि मगच पुस्तक सुरू करा.

मंगळवारपेठ

सगळ्यांचे आभार. कार्लटनचीच सुरुवात करायची असेल तर क्रम काय? 'सेटन्स अफेअर' नावाचंही एक छोटं पुस्तक दिसतंय.

करवीरवाचक

@मंगळवारपेठ, ते सिबी या पात्राचं आहे, आणि घटनाक्रमानं आधीचं. तेच आधी वाचा, मग 'हॉन्टिंग', मग 'हंटिंग'. सिबी पुढे मुख्य कथेत येते आणि तिची पार्श्वभूमी माहीत नसेल तर ती कुठून उगवली ते कळत नाही. पण ते प्रेमकथेपेक्षा भयकथेच्या जवळचं आहे आणि रक्तपात पानावरच आहे. त्याची इशाऱ्यांची यादी वेगळी आहे, ती आधी उघडा. पहिली दहा टक्के नमुन्यात वाचून बघा. तिथेच जड वाटलं तर ही मालिका सोडून द्या आणि याच धाग्यावर लिहा. पाठलाग नसलेली, पहिल्या प्रकरणापासून दोन्ही बाजू देणारी आणि एकाच भागात संपणारी काही नावं सुचवतो.